दहा आठवड्यांचे पाहुणे

परदेशी शिष्यवृत्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोठ्या विद्यापीठाची इमारत, तिथले ग्रंथालय आणि विमानाचे तिकीट येते. विद्यार्थ्याने इकडून तिकडे जायचे, ही दिशा आपण गृहीतच धरलेली असते. परंतु गेल्या तीन दशकांत याहून निराळा एक प्रकार रूढ झाला आहे. श्रीमंत देशातील पदव्युत्तर विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या गरीब किंवा युद्धाने मोडून पडलेल्या मुलखात जातो आणि तेथील लहानशा लोकसंस्थेत मानवी हक्कांचे काम करतो. त्यात पदवी नाही, परीक्षा नाही. मुदत साधारण दहा आठवड्यांची. याला मानवी हक्क फेलोशिप असे नाव आहे.

अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मानवी हक्क केंद्र १९९४ साली निघाले आणि अशा उन्हाळी फेलोशिप ते देत आले आहे. विद्यापीठाबाहेरचे ठळक उदाहरण म्हणजे वॉशिंग्टनची ‘ॲडव्होकसी प्रोजेक्ट’ ही संस्था. इयन गेस्ट या पत्रकाराने ती १९९८ साली सुरू केली. अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीत नाहीशा करण्यात आलेल्या माणसांवर त्यांनी त्याआधी एक ग्रंथ लिहिला होता. या संस्थेचे विद्यार्थी बोस्निया, नेपाळ, युगांडा, केनिया अशा देशांत जातात. तिथे जाऊन ते करतात काय? भाषणे नव्हेत. स्थानिक संस्थेची हकिगत इंग्रजीत लिहिणे, अर्ज व पत्रे तयार करणे, कागदपत्रे नीट लावणे, मदत देणाऱ्यांशी गाठ घालून देणे. कला शाखेच्या वाचकाने एवढे ध्यानात घ्यावे, की यात सर्वांत जास्त उपयोगी पडते ते साधे, स्वच्छ गद्य लिहिता येण्याचे कसब.

बोस्नियातील तुझ्ला शहरात ‘बॉस्फाम’ नावाची स्त्रियांची संस्था आहे. स्रेब्रेनित्सा येथे शाळेच्या मुख्याध्यापिका असलेल्या बेबा हाजिच यांना युद्धात गाव सोडावे लागले. त्यांनी १९९४ साली निर्वासित बायकांना एकत्र करून विणकाम सुरू केले. पुढच्याच वर्षी, जुलै १९९५ मध्ये, स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष व मुलगे मारले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ साली तो वंशसंहार होता असा निर्णय दिला. बॉस्फामच्या बायकांनी मारल्या गेलेल्यांची नावे विणलेले चौकोन तयार केले आणि ते जोडून मोठे पट केले. आपल्याकडे गोधडी म्हणतात तशीच ही वस्तू. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात घरातल्या गेलेल्या माणसाची आठवण असते, हे आपल्या बायकांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. हे पट अमेरिकेतही नेऊन दाखवण्यात आले, आणि त्या कामी या पाहुण्या विद्यार्थ्यांचा हातभार लागला. विणणाऱ्या मात्र बायकाच.

नेपाळातही असेच घडले. १९९६ ते २००६ या सशस्त्र संघर्षात बर्दिया जिल्ह्यातून दोनशेहून अधिक माणसे नाहीशी झाली. त्यांत बहुसंख्य थारू समाजाची होती. राम भंडारी यांचे वडील, तेजबहादूर, हे शिक्षक होते. २००१ सालच्या अखेरीस लमजुंग जिल्ह्यातून ते नाहीसे झाले. बेपत्ता माणसांच्या कुटुंबांना एकत्र आणण्याचे काम त्यांच्या मुलाने अंगावर घेतले. बर्दियातील थारू स्त्रियांनी आपापल्या माणसासाठी एकेक चौकोन भरतकामाने सजवला. नवरा परत येईल की नाही हे ठाऊक नसलेली बाई कुंकवाचे काय करील, हा प्रश्न कोणत्याही जाहीरनाम्यात सापडत नाही. पण त्या घरात तो रोजचा असतो. नेपाळ सरकारने २०१५ साली सत्यशोधनासाठी आणि बेपत्ता व्यक्तींच्या तपासासाठी असे दोन आयोग नेमले. त्यांच्या कायद्यात दुरुस्ती व्हायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला.

आता या प्रकाराची दुसरी बाजू. दहा आठवड्यांत भाषा येत नाही. दुभाष्या शोधायचा संस्थेने, राहण्याची सोय पाहायची संस्थेने, आणि पाहुणा जरा रुळला की त्याच्या परतीचा दिवस येतो. दर जूनमध्ये नवा तरुण येऊन, नवऱ्याला कसे नेले ते सांगा, असे विचारणार असेल तर त्या बाईने ती गोष्ट किती वेळा सांगायची? प्रमाणपत्र आणि पुढची नोकरी पाहुण्याला मिळते. वही मिटली की बाई तिथेच. हा आक्षेप जुना आहे. मेक्सिकोत सेवा करायला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना इव्हान इलिच यांनी १९६८ साली तोंडावर सांगितले होते, की तुमच्या सद्भावनेची इथे गरज नाही.

आपल्याकडेही अमेरिकेच्या पीस कोअरचे स्वयंसेवक येऊन गेले आहेत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर या वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी विक्रोळीत येऊन परिचारिकेचे काम करीत होत्या. पण पीस कोअर सरकारी, आणि मुदत दोन वर्षांची. तेवढ्या काळात माणूस भाजी तरी मराठीत घ्यायला शिकतो.

माझ्या मते या फेलोशिपची कसोटी एकच: काम कोणी ठरवले? संस्थेने आपली गरज आधी सांगितली आणि पाहुण्याने तेवढेच केले, तर दहा आठवडेही पुरतात. नीट लावलेली कागदपत्रे, जुळवून दिलेली ओळख, पूर्ण झालेला पट या गोष्टी तो गेल्यावरही उरतात. पाहुणा आपली योजना बरोबर घेऊन आला, तर वर्षसुद्धा वाया जाईल.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी थोडे व्यावहारिक. यांतल्या बहुतेक फेलोशिप परदेशी विद्यापीठात नाव घातलेल्यांसाठी असतात. तेव्हा तिकडे पदव्युत्तर शिक्षणास जाणाऱ्यांनी चौकशी पहिल्याच सत्रात करावी, कारण उन्हाळ्याची निवड हिवाळ्यातच उरकते. प्रवासखर्च पुरा मिळतो की काही भाग स्वतः उभारावा लागतो, हेही आधी विचारून घ्यावे. नेपाळला जायला भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. बर्दियाची दक्षिण सीमा उत्तर प्रदेशाला लागून आहे, आणि त्या तराईत हिंदी पुष्कळांना समजते.