ड्रोनलाही नंबरप्लेट

२७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूतील हवाई दलाच्या तळावर ड्रोनने टाकलेली दोन स्फोटके फुटली. एका इमारतीचे छत फुटले, दोन जवान किरकोळ जखमी झाले. भारतातील लष्करी तळावरचा हा पहिलाच ड्रोनहल्ला.

दोन महिन्यांत, २५ ऑगस्टला, ‘ड्रोन नियम, २०२१’ अधिसूचित झाले. गंमत अशी, की त्यांनी जाच वाढवण्याऐवजी कमी केला : अर्जाचे नमुने २५ वरून ५ वर आले, शुल्काचे प्रकार ७२ वरून ४ वर. ओळखीबाबत मात्र ढील नाही. सरकारी पोर्टलवर नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घेतल्याशिवाय ड्रोन उडवता येत नाही. नियम मोडल्यास दंड कमाल १ लाख रुपये.

आकाशाचे तीन रंग

ड्रोन कुठे उडवता येईल, हे नियमांतील तीन विभागांवरून ठरते.

हिरवा : साधारण ४०० फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही.
पिवळा : हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा यातच येतो.
लाल : केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय प्रवेश बंद.

क्रमांक असला, तरी उडणारा ड्रोन कोणाचा हे जमिनीवरून कसे कळणार? अमेरिकेत नोंदणीकृत ड्रोनला आपली ओळख, जागा आणि उंची रेडिओ लहरींवरून सतत जाहीर करावी लागते. मार्च २०२४ पासून त्याची सक्तीने अंमलबजावणी सुरू झाली. भारतीय नियमांतही अशा माग काढणाऱ्या यंत्रणेची तरतूद आहे. सरकारने ती सक्तीची केली, तर ड्रोनधारकांना किमान सहा महिन्यांची मुदत मिळेल.