आधी आठवा, मग फोन पाहा

वाणगाव, बोईसर, उमरोळीहून सकाळच्या लोकलने पालघरच्या कॉलेजात येणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या कानात इंग्रजी शिकवणारा व्हिडिओ चालू असतो. निकड खरी आहे. तारापूर एमआयडीसीतल्या रसायन किंवा औषध कंपनीत प्रयोगशाळेचे काम हवे, तर नोंदी इंग्रजीत ठेवाव्या लागतात. घरी मराठी, वारली किंवा मांगेली बोलणाऱ्यांना इंग्रजीचा सराव फोनवरच मिळतो. तरी व्हिडिओत समजलेला शब्द मुलाखतीत ओठांवर येत नाही. असे का होते?

समोर आलेला शब्द ओळखणे सोपे. तोच शब्द मनातून शोधून काढणे अवघड. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग हेच दाखवतो. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचून पुढच्या तिन्ही सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४० टक्केच आठवले, दुसऱ्या गटाला ६१ टक्के. पुन्हापुन्हा पाहिल्याने ‘येतंय’ असे वाटते, पण टिकते ते आठवलेले.

म्हणून फोनवर प्रश्नोत्तरांची कार्डे करावीत. ‘आंकी’सारखे ॲप त्यासाठी अँड्रॉइडवर मोफत मिळते. पुढे मराठी वाक्य, मागे इंग्रजी. उत्तर आधी मनात जुळवायचे, मगच कार्ड उलटायचे. चुकलेले कार्ड लवकर परत येते, जमलेले काही दिवसांनी. या अंतरामागेही विज्ञान आहे: जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले की पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरते आणि थांबून थांबून केलेली उजळणी अधिक टिकते. बोईसर ते पालघर हा छोटा प्रवास अशा उजळणीला पुरेसा आहे.

कानालाही सराव हवा. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरक मराठी कानाला सहज पकडता येत नाही. इंग्रजी शिकणाऱ्या जपानी लोकांना ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ऐकू यावेत म्हणून १९९१ मध्ये झालेल्या प्रयोगात अनेक माणसांचे आवाज ऐकवले आणि प्रत्येक उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगितले. त्याचा फायदा झाला. तेव्हा एकाच शिक्षकाचे व्हिडिओ न ऐकता वेगवेगळे आवाज ऐकावेत.

पालघर-बोईसरच्या प्राध्यापकांनी कारखान्यात लागणाऱ्या वाक्यांची कार्डे वर्गासाठी तयार करावीत, आणि मुलांनी गाडीत ती एकमेकांना मोठ्याने विचारावीत. बोलण्याची भीड फोनमुळे जात नाही. ती शेजारच्या मित्राशी बोलूनच जाते.