काळ्या पाषाणातील नवा राजवाडा

कोल्हापूर शहरातून कसबा बावड्याकडे जाणाऱ्या मार्गावर काळ्या घडीव पाषाणाची जी भव्य वास्तू उभी आहे, ती ‘नवा राजवाडा’ या नावाने सर्वपरिचित आहे. १८७७ ते १८८४ या काळात सुमारे ७ लाख रुपये खर्चून ती बांधण्यात आली. तिचे आराखडे तयार करणारे मेजर चार्ल्स मॅन्ट हे ब्रिटिश लष्करातील ‘रॉयल इंजिनिअर्स’ या दलाचे अधिकारी होते. कोल्हापूर संस्थानासाठी त्यांनी टाउन हॉल आणि रुग्णालय यांचीही रचना केली. एकाच वास्तुशिल्पकाराची दृष्टी दहा-बारा वर्षांत कशी पालटत गेली, हे या शहरात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

या कार्याचा एक धागा थेट इटलीपर्यंत जातो. छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी निवर्तले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले व १८७४ साली तेथे स्मारक उभारण्यात आले. त्याची रचना मॅन्ट यांचीच असून महाराजांच्या अर्धपुतळ्यावर भारतीय धाटणीची छत्री आहे. परंतु त्याच सुमारास, १८७२ ते १८७६ या काळात बांधलेला कोल्हापूरचा टाउन हॉल मात्र टोकदार कमानींच्या युरोपीय गॉथिक शैलीत आहे. स्मारकास भारतीय रूप आणि सार्वजनिक सभागृहास विलायती, अशी विभागणी त्या वेळी मॅन्ट यांच्या मनात असावी.

नव्या राजवाड्यात ही विभागणी पुसली गेली. मध्यभागी उंच अष्टकोनी घड्याळ-मनोरा व दुमजली उंचीचा दरबार हॉल ही मांडणी नव्या काळाच्या गरजेची. तिला चढविलेले कमानी, घुमट, छत्र्या यांचे लेणे मात्र गुजरात-राजस्थानातील मंदिरे व राजवाडे यांवरून घेतलेले. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या जीवनातील प्रसंग आहेत. यात कोल्हापूरचे असे काय, हा प्रश्न रास्त आहे. चौसोपी वाड्याची परंपरा येथे फारशी डोकावत नाही. कोल्हापूरचा आहे तो दगड. राजस्थानातील वालुकाश्म मऊ, त्यावर छिन्नी सहज चालते. सह्याद्रीचा काळा बसाल्ट कठीण, त्यातून नक्षी काढणे हे पाथरवटाच्या चिकाटीचे काम. त्यामुळे येथील अलंकरणास आवर बसला आणि वास्तूस एक गंभीर भारदस्तपणा आला. परप्रांतीय आकृतींना या भूमीचे रूप लाभले ते या दगडामुळेच, असे म्हणण्यास हरकत नाही.

या वैभवाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. कामास प्रारंभ झाला तेव्हा दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. गादीवरील छत्रपती चौथे शिवाजी महाराज अल्पवयीन असल्याने कारभाराची सूत्रे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाती होती. पुढे १८८१ साली मॅन्ट यांचे निधन झाले आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे, इंग्रजांच्या नजरकैदेत, महाराजांचा करुण अंत झाला. राजवाडा पूर्ण झालेला दोघांनीही पाहिला नाही.

१७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक आले. हेच राजर्षी शाहू महाराज. २६ जून १८७४ रोजी त्यांचा जन्म कसबा बावड्यातीलच लक्ष्मी विलास राजवाड्यात झाला होता. (बडोद्याचा याच नावाचा सुप्रसिद्ध राजवाडा वेगळा, त्याचे आराखडेही मॅन्ट यांचेच, आणि तो रॉबर्ट चिझम यांनी पूर्ण केला.)

नव्या राजवाड्याच्या तळमजल्यावर आज शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालय आहे. टाउन हॉलमध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातील प्राचीन वस्तू जतन केल्या आहेत, तर रुग्णालयाची इमारत छत्रपती प्रमिलाराजे यांच्या नावाने जिल्ह्यातील रुग्णांच्या सेवेत आहे.