एका जोडणीवर तीस संभाषणं

मोठ्या रुग्णालयात दोनशे एक्स्टेन्शन असली तरी एका वेळी बाहेरच्या माणसाशी बोलणारे वीस-पंचवीसच असतात. म्हणून दोनशे लाइन कुणी घेत नाही. मधे ईपीएबीएक्स, म्हणजे रुग्णालयाचं स्वतःचं छोटं एक्स्चेंज, बसवतात आणि मोजक्या बाहेरच्या लाइन सगळे वाटून वापरतात. या यंत्रापासून टेलिफोन एक्स्चेंजपर्यंतची जोडणी कशी चालते, ते पाहू.

जुन्या पद्धतीत दर लाइनला तांब्याच्या तारांची एक जोडी लागे. तिची खरी अडचण आवाजाची नव्हती. समोरच्याने फोन ठेवला हे ईपीएबीएक्सला समजायचे मुख्य मार्ग दोन होते: टोन ऐकून ओळखायचा, किंवा एक्स्चेंज तारांची ध्रुवता उलटवतं का ते पाहायचं. ते जुळलं नाही की लाइन अडकून राहायची आणि पुढच्या माणसाला बिझी लागायचं.

पीआरआय, म्हणजे अनेक संभाषणं आकड्यांच्या रूपात एकत्र नेणाऱ्या जोडणीत हे सगळं बदलतं. फोनवरून साधारण ३,४०० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो. तो सेकंदाला ८,००० वेळा मोजला आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहिलं, की पलीकडे तो पुन्हा उभा करता येतो. म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला ६४ किलोबिट. ही कल्पना ॲलेक रीव्ह्ज या ब्रिटिश इंजिनिअरने १९३७ साली मांडली, पण ट्रान्झिस्टर येईपर्यंत ती परवडणारी नव्हती. अमेरिकेत १९६२ साली २४ संभाषणांची अशी जोडणी सुरू झाली. युरोपने ३० संभाषणांची पद्धत स्वीकारली आणि भारतातही तीच आहे.

दर १२५ मायक्रोसेकंदांनी ३२ डब्यांची एक आगगाडी सुटते असं समजा. प्रत्येक डब्यात एका मापाचे ८ बिट. ३२ गुणिले ६४ किलोबिट, म्हणजे २.०४८ मेगाबिट. तीस डबे संभाषणांचे. पहिला, शून्य क्रमांकाचा डबा गाडी कुठे सुरू होते ते सांगतो. सोळा क्रमांकाच्या डब्यात कुणाचाच आवाज नसतो, आणि माझ्या मते सगळ्या व्यवस्थेचा जीव त्याच डब्यात आहे.

त्यातून फक्त कॉलविषयीचे निरोप जातात: कुणाचा फोन आहे, कुठल्या नंबरसाठी आहे, कोणता डबा द्यायचा, फोन ठेवला की नाही. कॉल नेहमीसारखा संपला तर १६ हा कारण-क्रमांक येतो, समोरचा दुसऱ्या कॉलवर असेल तर १७. ईपीएबीएक्सला टोन ऐकून अंदाज बांधावा लागत नाही. डीआयडीची, म्हणजे बाहेरून थेट एक्स्टेन्शनला फोन लावण्याची सोयही इथूनच मिळते. शंभर नंबर घेतले की एक्स्चेंज डायल केलेल्या नंबरचे शेवटचे आकडे याच डब्यातून पाठवतं, आणि ऑपरेटरला न विचारता फोन थेट वॉर्डात वाजतो. नंबर शंभर असले तरी एका वेळची संभाषणं मात्र तीसच.

एक बारकावा बसवणारेही कधी विसरतात. ईपीएबीएक्सने आपलं घड्याळ एक्स्चेंजच्या घड्याळावर चालवायचं असतं. तसं केलं नाही तर मधूनच एखादी गाडी गळते किंवा दोनदा मोजली जाते. बोलण्यात ते बारीक 'टक्'सारखं ऐकू येतं, पण फॅक्सचं पान बिघडतं.

आता अनेक कार्यालयं एसआयपी ट्रंककडे, म्हणजे डेटाच्या लिंकवरून आवाज नेणाऱ्या जोडणीकडे वळली आहेत. तिथे राखीव डबे नसतात. आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यात १६० बाइट आवाज आणि वर किमान ४० बाइट पत्ता वगैरे, म्हणून त्याच ६४ किलोबिटांचे ८० होतात. चॅनेल हवे तेवढे वाढवता येतात, हा मोठा फायदा. पण त्याच लिंकवर कुणी जड फाइल पाठवली आणि राउटरने आवाजाला अग्रक्रम दिलेला नसेल, तर शब्द तुटतात. निरोप एका वाटेने आणि आवाज दुसऱ्या वाटेने जाऊ शकत असल्यामुळे घंटा वाजते, फोन उचलला जातो, पण एकाच बाजूचं ऐकू येतं, असंही होतं. तेव्हा हँडसेट बदलू नका, आधी फायरवॉल तपासा.

रुग्णालयासारख्या ठिकाणी केवळ एसआयपीवर विसंबू नये, सोबत एक वेगळ्या वाटेची जोडणी ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. आज पीआरआयही बहुधा फायबरवरून येते आणि तिच्या टोकाच्या उपकरणाला वीज लागते. ते उपकरण आणि ईपीएबीएक्स, दोन्ही यूपीएसवर आहेत का, हे आजच पाहून घ्या.