पेसमेकरची जागा : डावी, उजवी आणि लोकसमजुती

धसई या गावातील व त्याच्या भोवतालच्या मुरबाड-शहापूर पट्ट्यातील भातशेती करणाऱ्या एखाद्या कुटुंबातील वडीलधाऱ्या माणसाला कल्याणच्या वा मुंबईच्या रुग्णालयात जेव्हा सांगण्यात येते की, हृदयाचे ठोके फार मंदावले असून पेसमेकर बसविणे प्राप्त आहे, तेव्हा घरातील मंडळींची मसलत खर्च किती येईल, सोबतीला कोण राहील आणि शेतीची कामे कोणाच्या अंगावर पडतील याच प्रश्नांभोवती फिरते. ते यंत्र छातीच्या कोणत्या भागी बसवायचे हा प्रश्न मात्र डॉक्टरांच्या दप्तरी केव्हाच निकाली निघालेला आहे असे धरून चालल्यामुळे तो कोणी काढीतही नाही. वस्तुतः ज्या वस्तूचा सहवास उर्वरित आयुष्यभर करावयाचा, तिच्या जागेविषयी रुग्णाने दोन शब्द बोलावेत यास वैद्यकशास्त्राची मुळीच हरकत नाही. उलट ते शब्द वेळेवर कानी आले तर डॉक्टरांचेही काम सुकर होते. परंतु या विषयावर लोकसमजुतींची इतकी पुटे चढली आहेत की, ती काढल्यावाचून बोलण्याला आरंभच होत नाही.

यांपैकी सर्वांत रूढ समजूत अशी की, पेसमेकर हृदयाच्या आत अथवा हृदयावर बसवितात आणि त्यासाठी छाती उघडावी लागते. या समजुतीला इतिहासाचा थोडा आधार आहे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे ओके सेनिंग या शल्यविशारदाने रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने घडविलेला पहिला पेसमेकर आर्ने लार्सन या रुग्णाच्या देहात बसविला, तेव्हा छाती उघडूनच तारा हृदयाला टाचल्या होत्या आणि यंत्र पोटाच्या त्वचेखाली ठेवले होते. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. लार्सन मात्र पुढे एकामागून एक अशी सव्वीस यंत्रे वापरून २००१ सालापर्यंत, म्हणजे वयाच्या श्याऐंशीव्या वर्षापर्यंत जगले. आजचा शिरस्ता अगदी निराळा आहे. चपट्या आगपेटीएवढे, वजनाने वीस ते चाळीस ग्रॅम भरणारे ते यंत्र हासळीच्या हाडाच्या किंचित खाली, त्वचेखालची चरबी आणि छातीचा स्नायू यांच्या मधल्या खोबणीत ठेवतात. त्याला जोडलेली तार तेथील शिरेतून सरकवीत ऊर्ध्व महाशिरेच्या मार्गाने हृदयात नेतात, आणि हे सारे बहुधा तेवढीच जागा बधिर करून उरकते. कित्येक रुग्ण शस्त्रक्रिया चालू असताना डॉक्टरांशी बोलतही असतात. पोटातील जागा आज मुख्यत्वे तान्ह्या बालकांसाठी आणि ज्यांच्या शिरांतून तार नेणे अशक्य आहे अशा मोजक्या रुग्णांसाठी राखीव उरली आहे.

दुसरी समजूत पहिलीहून अधिक चिवट आहे, कारण ती वरकरणी तर्कशुद्ध भासते : हृदय डाव्या बाजूस असते, सबब यंत्रही डावीकडेच हवे, उजवीकडे बसविले तर ते नीट चालणार नाही. यातील पहिले विधानच अर्धसत्य आहे. हृदय छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या मागे असून त्याचे टोक तेवढे डावीकडे कललेले असते. शिवाय गंमत अशी की, तार ज्या कप्प्यांत जाऊन थांबते ते उजवे अलिंद आणि उजवे निलय, म्हणजे हृदयाचे उजवे कप्पे होत. यंत्राने उत्पन्न केलेला विद्युत्स्पंद तारेच्या टोकाशीच कार्य करतो. पेटी डाव्या हासळीखाली आहे की उजव्या, याची तो स्पंद दखलही घेत नाही. मग बहुसंख्य पेसमेकर डावीकडे का दिसतात? एक तर बहुतेक माणसे उजव्या हाताने काम करतात आणि कामाचा हात मोकळा राहावा हे इष्ट. दुसरे म्हणजे डावीकडून हृदयाकडे जाणारा शिरेचा मार्ग सौम्य वळणाचा असल्यामुळे तार सहज उतरते. उजवीकडील मार्ग आखूड खरा, पण त्याचे वळण तीव्र आहे. तथापि अनुभवी हाताला ती अडचण फार मोठी नव्हे. तात्पर्य, डावी बाजू ही सोयीने पडलेली वहिवाट आहे, निसर्गाचा हुकूम नव्हे. प्राणघातक अतिवेगवान ठोके विजेच्या धक्क्याने थांबविणारे जे दुसरे यंत्र असते त्याच्या बाबतीत डाव्या बाजूला खरोखरच महत्त्व आहे, कारण तेथे विजेचा प्रवाह पेटी आणि तार यांच्यामधून हृदयाला भेदून जावा लागतो. या दोन यंत्रांची गल्लत होऊनही पुष्कळ गोंधळ माजतो.

वहिवाट मोडण्यास सबळ कारणे असू शकतात आणि ती रुग्णाने स्वतः होऊन सांगितली पाहिजेत. डावखुऱ्या माणसाला उजवी बाजू सोयीची. डायलिसिससाठी ज्या हातात फिस्टुला केला आहे, त्या बाजूची शीर टाळावी लागते. ज्या बाजूच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया वा किरणोपचार झाले असतील, तीही बाजू वर्ज्य मानतात. कित्येकदा डाव्या शिरेची जन्मजात रचनाच वेगळी निघते आणि ते ऐन वेळी ध्यानात येते.

शहरातील पुस्तकांतून सहसा न आढळणारी, पण आपल्या मुलखात निर्णायक ठरावी अशी बाब म्हणजे ओझे वाहण्याची रीत. येथील माणूस भाताचे भारे डोक्यावर घेतो, लाकडाची मोळी किंवा कावड खांद्यावर टाकतो, आणि प्रत्येकाचा एक ठरलेला खांदा असतो. पाण्याचा हंडा कडेवर घेणाऱ्या स्त्रीचीही एक ठरलेली बाजू असते. कावडीचा दांडा अथवा मोळीचा वासा ज्या हासळीवर वर्षानुवर्षे घासतो, तेथेच यंत्राची पेटी आली तर त्वचा झिजून जखम होण्याचा धोका अगदी खरा आहे. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी 'मी ओझे या खांद्यावर घेतो' एवढे वाक्य रुग्णाने अवश्य उच्चारावे. बंदुकीचा दस्ता खांद्याला टेकविणाऱ्याने तो कोणत्या खांद्याला टेकवितो हेही सांगावे. स्त्रियांच्या बाबतीत पदर बहुधा डाव्या खांद्यावर येतो, तेव्हा व्रण झाकला जातो हा लाभ. पण अंतर्वस्त्राचा पट्टा नेमका पेटीवरून जाणार असेल तर जागा बोटभर आत वा बाहेर सरकविता येते, आणि इच्छा असल्यास काखेच्या बाजूने छेद घेऊन यंत्र अधिक आडोशाला ठेवण्याचाही पर्याय असतो.

यंत्र किती खोल ठेवायचे, हाही प्रश्न आहे. कष्टाने अंग वाळलेल्या माणसाच्या छातीवर चरबी नाममात्र असते, तेथे त्वचेखालची पेटी उंचवट्यासारखी दिसते आणि टोचते. अशा वेळी ती स्नायूच्या खाली ठेवण्याची तजवीज करता येते. मात्र त्यात वेदना अधिक आणि पुढे बॅटरी संपल्यावर यंत्र बदलणे अधिक कष्टाचे. बॅटरी साधारणतः आठ ते बारा वर्षे टिकते व त्या वेळी तारा तशाच ठेवून केवळ पेटी त्याच खोबणीतून बदलतात; म्हणजे आज निवडलेली बाजू बहुधा कायमची होते.

जांघेच्या शिरेतून थेट उजव्या निलयात नेऊन सोडण्याचा, तारेवाचूनचा, जेमतेम दोन ग्रॅमचा पेसमेकरही आता उपलब्ध असून अमेरिकेत त्यास २०१६ साली मान्यता मिळाली. त्यामुळे डावे-उजवे हा वादच मिटला असे काहींना वाटते. परंतु तो प्रत्येक विकाराला लागू पडत नाही आणि महागही आहे.

यंत्र बसल्यावर त्या बाजूचा हात जन्मभर निकामी झाला, अशी समजूत करून घेऊन तो महिनोन् महिने झोळीत बांधून ठेवणारी माणसे आढळतात. परिणामी यंत्र सुरक्षित राहते आणि खांदा मात्र आखडून बसतो. वस्तुस्थिती एवढीच की, तार हृदयात पक्की रुजेपर्यंत, म्हणजे पहिले चार ते सहा आठवडे, तो हात खांद्याच्या वर उचलू नये आणि जड वजन घेऊ नये. जेवणे, अंग पुसणे, कपडे घालणे या हालचाली पहिल्यापासून चालू ठेवाव्यात. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, झाडावर चढून फांद्या तोडणे हे काम तेवढ्या मुदतीत निषिद्ध समजावे, आणि पुढेही ते करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. जखमेवर हळद किंवा कोणताही लेप लावू नये, आणि पेटीच्या जागी सूज आली तर गावात कोणाकडूनही सुई टोचून ती उतरविण्याचा प्रयत्न करू नये. त्या एका सुईने जंतू आत गेले तर बहुधा तारांसह सर्व यंत्र काढून ते दुसऱ्या बाजूला नव्याने बसविण्याची पाळी येते. आपणच त्या पेटीला त्वचेवरून चाळवीत राहण्याची खोडही महाग पडते : पेटी आतल्या आत फिरून तार ओढली गेल्याचे दाखले वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत.

मोबाइलची भीती तर अतिरंजित आहे. यंत्रापासून पंधरा सेंटिमीटरचे अंतर राखले म्हणजे पुरे. अडचण इतकीच की, आपल्याकडे सदऱ्याचा खिसा डावीकडे असतो आणि पेसमेकरही बहुधा डावीकडे, सबब मोबाइल अन्य खिशात जावा. भाताच्या गिरणीत जाण्यास वा पंप चालू करण्यास मज्जाव नाही. चालू मोटरवर छाती टेकवून वाकू नये आणि वेल्डिंगचे काम डॉक्टरांना विचारूनच करावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनेतून उपचार झाला तर बाजू विचारण्याची मुभा नसते, ही शेवटची समजूत गरिबीने शिकविलेल्या संकोचातून आलेली आहे. जागेची निवड दरपत्रकात कोठेही बसत नाही, त्यासाठी वेगळा आकार पडत नाही आणि तिच्याविषयी बोलल्याने कोणाचा हक्क बुडत नाही. रुग्णालयातून निघताना यंत्राचा प्रकार, तारखा आणि बसविल्याची बाजू नोंदलेले कार्ड मागून घ्यावे. २०१६ च्या डिसेंबरात रोख पैशावाचून, कार्डावर बाजार करण्याचा प्रयोग करून धसई वर्तमानपत्रांत झळकली होती, म्हणून तेथील लोकांना कार्ड जपण्याची सवय नव्याने सांगावी लागू नये. हे कार्ड खिशात असले म्हणजे एमआरआय काढणाऱ्याला त्या यंत्रावर ती तपासणी चालते की नाही हे पाहता येते, आरोग्य केंद्रातील डॉक्टरला काय विचारावे हे कळते; आणि अग्निसंस्कारापूर्वी ते यंत्र काढून घेणे आवश्यक असते, कारण त्यातील बॅटरी ज्वाळांत फुटते, ही गोष्ट घरच्यांनाही त्यावरूनच आठवते.