जुन्या पिकअपचा एसी नीट गार का करत नाही? दहावीचा ‘उष्णता’ पाठ, बॉनेट उघडून



कामशेत, वडगाव, पवनानगर भागात ज्या घरी पिकअप आहे, त्या घराचं बरंचसं पोटपाणी त्या गाडीवर चालतं. इंद्रायणी तांदळाचे कट्टे, पॉलिहाऊसमधले गुलाब, भाजीचे क्रेट, लोणावळ्यातल्या बंगल्यांना लागणारं सामान. गाडी दहा-बारा वर्षांची झाली की एक तक्रार हमखास ऐकू येते : “वारा येतो, पण गार येत नाही.” मग कुणीतरी सांगतं, गॅस भरून टाका. गॅस भरला जातो, पैसे जातात आणि दोन महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार.

पिकअपला कशाला हवा एसी, असं काहींना वाटेल. मे महिन्यात भर दुपारी खोपोलीहून बोरघाट चढणाऱ्या ड्रायव्हरला विचारा. इंजिन पायाशीच तापलेलं, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वरून ऊन. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या साडेतीन टनांहून जड मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये एसी सरकारने सक्तीचा केला, तो याच त्रासामुळे. आपल्या पिकअप साडेतीन टनांच्या आतल्या, म्हणून त्या नियमात येत नाहीत. शिवाय आपल्याकडे उन्हाळ्याइतकीच एसीची गरज पावसाळ्यात पडते, त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी तत्त्व समजून घेऊ. दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये ‘उष्णता’ हा पाचवा पाठ आहे. त्यातला अप्रकट उष्मा आणि दवबिंदू हे दोन मुद्दे मुलं परीक्षेपुरते पाठ करतात. एसीचं अख्खं यंत्र या दोन मुद्द्यांवर चालतं.

हातावर सॅनिटायझर चोळला की गार वाटतं. द्रवाची वाफ होताना तो हातातली उष्णता घेऊन जातो. गाडीच्या एसीतही हेच घडतं, फक्त तिथला द्रव पुन्हा पुन्हा वापरला जातो. बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा वायू असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. डॅशबोर्डच्या आत जी कूलिंग कॉइल असते, तिच्यातला दाब असा राखलेला असतो की तो शून्य ते पाच अंशांच्या आसपास उकळावा. उकळायला लागणारी उष्णता तो केबिनच्या हवेतून ओढून घेतो आणि ती हवा गार होते. मग कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो. दाबामुळे ती इतकी तापते की रेडिएटरच्या पुढे लावलेल्या कंडेन्सरच्या जाळीत ती पन्नास-पंचावन्न अंशांना द्रवरूप होते. बाहेर ३८ अंश तापमान असलं तरी कंडेन्सर त्याहून गरम असल्यामुळे उष्णता बाहेरच्या हवेत जाऊ शकते. मुलांना इथे एक प्रश्न जरूर विचारा : उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, मग गार केबिनमधली उष्णता तापलेल्या रस्त्यावर कशी गेली?

म्हणजे एसीचं काम हमालाचं आहे. केबिनमधला बोजा उचलायचा आणि बाहेर टाकायचा. एसी कमी पडतोय याचा अर्थ या वाटेत बोजा कुठेतरी अडलाय. कुठे अडलाय, हे शोधायला निम्म्या वेळा पान्याचीही गरज लागत नाही.

पहिलं लक्षण वाऱ्याचं. ब्लोअर चारवर ठेवूनही वारा मंदच येत असेल तर आधी कूलिंग कॉइलवरची धूळ आणि फिल्टर असेल तर तो बघा. बऱ्याच जुन्या पिकअपना फिल्टरच नसतो, त्यामुळे सगळा रस्ता त्या कॉइलवर जाऊन बसतो. सुरुवातीला छान गार, अर्ध्या तासाने वारा मंदावला, एसी दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा लावला की परत छान, असं होत असेल तर कॉइलवर बर्फ जमतोय. धूळ, बिघडलेला थर्मोस्टॅट किंवा कमी झालेला गॅस, यांपैकी काहीतरी कारण असणार.

दुसरं लक्षण माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे. गाडी पळताना गार आणि टोलनाक्यावर किंवा घाटातल्या कोंडीत उभी राहिली की कोमट, असं होतं का? होत असेल तर कंडेन्सरला वारा मिळत नाहीये. पळताना वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीत तो पंख्याने द्यावा लागतो. एसी चालू करून कंडेन्सरचा विजेचा पंखा फिरतो का ते लांबून बघा. तो कधीही अचानक सुरू होतो, म्हणून हात, ओढणी, सैल बाही दूर ठेवा. पंखा फिरत नसेल तर फ्यूज, रिले आणि मोटर या क्रमाने तपासायला सांगा. ज्या गाडीत वेगळा पंखा नसून इंजिनचाच पंखा वारा ओढतो, तिथे बेल्ट आणि पंख्याचा क्लच बघावा लागतो.

पंखा ठीक असेल तर मग जाळीत काय अडकलंय ते बघायचं. मावळातली गाडी शेतात जाते. भाताचं तूस, पेंढ्याची कुसळं, चिखल, किडे, सगळं कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत जाऊन बसतं. पुढून जाळी स्वच्छ दिसते आणि मागे गोधडी असते! इंजिन पूर्ण गार झाल्यावर साध्या नळीने, हलक्या धारेने, शक्य असेल तर मागून पुढच्या दिशेला पाणी मारा. वॉशिंग सेंटरवरचा जोरदार फवारा जवळून मारला तर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते. कंडेन्सरच्या कडेचे फोमचे किंवा रबरी पट्टे निघाले असतील तर तेही लावून घ्या. त्यांच्याविना इंजिनकडची तापलेली हवा वळून परत कंडेन्सरमध्येच शिरते.

तिसरी गंमत हीटरची. लोणावळ्यातल्या थंडीत हीटर लागतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत इंजिनचं गरम पाणी हीटरकडे सोडणारा एक छोटा कॉक असतो, वायरने ओढला जाणारा. ती वायर सैल झाली की डॅशबोर्डवरचं बटन ‘थंड’वर असतं आणि गरम पाणी आत चालूच राहतं. एसी बिचारा गार करतो, हीटर लगेच तापवतो. दोष एसीचा नसतोच आणि दुरुस्ती वायर ओढण्याइतकी साधी असू शकते.

आता गॅस. इंजिनच्या बाजूने केबिनमध्ये जाणारे एसीचे दोन पाइप असतात. एसी चालू असताना जाडा पाइप गार आणि दवाने ओला दिसायला हवा. तो कोरडा आणि कोमट असेल, कॉम्प्रेसर सारखा टक-टक लागत-सुटत असेल, तर गॅस कमी असण्याची शक्यता बरीच आहे. पण गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तो गोल फिरतो. वर्षानुवर्षं रबरी नळ्यांतून आणि सांध्यांतून थोडा झिरपतो, हे खरं; दोन महिन्यांत संपला तर मात्र कुठेतरी गळती आहे. म्हणून गॅरेजमध्ये विचारायचा पहिला प्रश्न “किती घेणार?” हा नाही, “गळती कुठे आहे?” हा आहे. सांध्याभोवती तेलकट काळा डाग दिसला तर तिथेच संशय धरा, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं.

दुसरी विचारायची गोष्ट व्हॅक्यूमची. गळती काढल्यावर नवा गॅस भरण्याआधी पंप लावून नळ्यांतली हवा किमान अर्धा तास ओढून काढायला हवी. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं, हे आपण वर्गात शिकवतो. इथे नळीत शिरलेला दमटपणा तसाच वाफ होऊन बाहेर पडतो. तो राहिला तर एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात बर्फ होऊन अडकतो. आपल्याकडच्या दमट हवेत ही पायरी गाळणं महागात पडतं. नळ्या उघडल्या असतील तर ड्रायरही बदलावा. गॅस वजन करून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच भरावा. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो. हे काम घरी करू नका. उडालेला गॅस त्वचा गोठवतो, आणि आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त तापमानवाढ करतो, तेव्हा तो हवेत सोडूनही देऊ नये.

आता पावसाळा. जुलैत खंडाळ्याजवळ ढग रस्त्यावर उतरतात. केबिनमध्ये दोन-तीन माणसं, ओले रेनकोट, ओलं गोणपाट. २५ अंशांची हवा घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम बाष्प धरू शकते, १० अंशांची जेमतेम ९ ग्रॅम. पावसाने गार झालेल्या काचेला लागून आतली हवा दवबिंदूच्या खाली जाते आणि काच आतून पांढरी होते. फडक्याने पुसून घाट उतरणं धोक्याचं आहे. एसी चालू करा, वारा काचेवर वळवा, बाहेरची हवा आत घ्या, थंडी वाजली तर हीटर थोडा उघडा. कूलिंग कॉइल हवेतलं पाणी आधीच काढून घेते आणि कोरडी हवा काचेवर जाते. बाहेरून काच धुरकटली तर मात्र ती फार गार झालीय. वायपर मारा आणि काचेवरचा गारवा कमी करा.

याच कारणाने पावसाळ्यात एसी उन्हाळ्याइतका गार वाटला नाही तर लगेच गॅरेज गाठू नका. एक ग्रॅम बाष्पाचं पाणी करताना साधारण ५९० कॅलरी उष्णता काढावी लागते, आणि कॉइलची बरीच ताकद त्यातच खर्च होते. ते पाणी गाडीखाली टपकतं. ते खाली न पडता शेजारी बसणाऱ्याच्या पायावर येत असेल तर निचऱ्याची नळी चिखलाने तुंबली आहे, तेवढी मोकळी करा.

वर्गात करून बघायचं असेल तर प्रयोगशाळेतला थर्मामीटर एसीच्या जाळीपाशी धरून मुलांना नोंदी घेऊ द्या : गाडी सावलीत, हँडब्रेक लावलेला, खिडक्या उघड्या, सोबत मोठं माणूस, इंजिन मोकळ्या जागेतच चालू. आधी बाहेरच्या हवेवर, मग आतली हवा फिरवून. दोन आकड्यांतला फरक का पडला, हे मुलं स्वतः सांगतात.

आणि डिसेंबर-जानेवारीत मावळात एसी कुणी लावत नाही, तेव्हाही आठवड्यातून दहा मिनिटं तो चालू ठेवा. कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळत राहतं. नाहीतर ते कोरडं पडून मार्चमध्ये तिथूनच गॅस गळायला लागतो.