पाषाणची तोफ, दिल्लीची फाइल

मुळशी तालुक्यातल्या सूस गावची शीव ओलांडली की सुतारवाडी आणि पाषाण लागतं. इथे डीआरडीओच्या दोन संस्था शेजारी नांदतात. सुतारवाडीची एचईएमआरएल स्फोटकांवर आणि तोफेच्या दारूवर संशोधन करते. १९५८ साली स्थापन झालेली एआरडीई शस्त्रांचे आराखडे करते. लष्कराच्या नव्या ‘अटॅग्ज’ तोफेचा आराखडा याच एआरडीईचा. २६ मार्च २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने अशा ३०७ तोफा आणि त्या ओढणारी वाहनं यांसाठी भारत फोर्ज आणि टाटा अॅडव्हान्स्ड सिस्टिम्स यांच्याशी सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे करार केले.

त्याआधीचा इतिहास मात्र फारसा अभिमानाचा नाही. मार्च १९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्सकडून ४१० तोफा घेण्याचा करार झाला. पुढच्याच वर्षी दलालीचा आरोप झाला आणि त्याची धग १९८९ च्या निवडणुकीपर्यंत पोचली. हीच तोफ १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर निर्णायक ठरली; पण तिची जागा घेणारी तोफ काही येईना. निविदा निघत, चाचण्या होत, मग एखादी कंपनी काळ्या यादीत जाई किंवा स्पर्धेत एकटीच उरे, आणि सगळं मुसळ केरात. दक्षिण आफ्रिकेची डेनेल आणि सिंगापूरची एसटी कायनेटिक्स याच वाटेने बाहेर पडल्या. अखेर अमेरिकेकडून १४५ हलक्या तोफा घेण्याचा करार झाला तो २०१६ च्या नोव्हेंबरात, म्हणजे तीस वर्षांनी. सही केल्याची चौकशी होते. न केल्याची कधीच होत नाही. साहजिकच सही टाळणं शहाणपणाचं ठरलं.

अटॅग्जचं काम दरम्यान पुण्यात सुरू झालं होतं. १५५ मिलिमीटर व्यासाच्या या तोफेची नळी व्यासाच्या ५२ पट, म्हणजे आठ मीटरहून थोडी अधिक लांब आहे. बोफोर्सची ३९ पट होती. दारू जिथे पेटते तो कक्ष या वर्गातल्या तोफांत साधारण २३ लिटरचा असतो, इथे तो २५ लिटरचा केला. जास्त दारू मावते, म्हणून गोळा लांब जातो. सप्टेंबर २०१७ मध्ये पोखरणला तो ४७ किलोमीटरच्या पुढे गेला.

तिथून करारापर्यंत साडेसात वर्षं गेली. सगळा दोष फाइलींचा नाही. २०२० मध्ये पोखरणलाच चाचणीत नळी फुटून माणसं जखमी झाली. सुमारे १८ टन वजनाची तोफ डोंगरात कशी न्यायची, हा लष्कराचा प्रश्नही रास्त होता. अशा चाचण्यांना लागणारा वेळ सत्कारणी लागतो. १५ ऑगस्ट २०२२ रोजी लाल किल्ल्यावर याच तोफेने सलामी दिली, तरी खरेदीची सही व्हायला आणखी अडीच वर्षं लागली.

या करारात एक गोष्ट शहाणपणाची झाली. सर्वांत कमी बोली भारत फोर्जची होती, तरी साठ टक्के काम तिला आणि चाळीस टक्के टाटांना मिळालं. एक कारखाना अडखळला तरी दुसरा चालू राहील.

पुढच्या खरेदीत मात्र एक नवा नियम हवा: चाचणीला किती वेळ गेला आणि टेबलावर किती, याचा वेगवेगळा हिशेब संसदेपुढे ठेवावा. दलाली जशी गुन्हा आहे, तशी विनाकारण दिरंगाईही कुणाच्या तरी नावावर लागली पाहिजे.